कार्डांची चुगली: सहावीच्या वर्गातले वर्गीकरणाचे आणि क्रम लावण्याचे संच

परभणी जिल्ह्यातली जिल्हा परिषदेची शाळा, इयत्ता सहावी, पट ३४, तासिका ४० मिनिटांची. विज्ञान, इतिहास, गणित आणि थोडं मराठी यांसाठी कार्डांचे संच करायचे आणि मुलांनी गटात फरशीवर बसून ते लावायचे, असं काम दोन शिक्षकांनी जुलै ते नोव्हेंबर केलं. नोंदी तारखेवार आहेत. असे संच करायला घेणाऱ्यांनी ११ जुलै आणि ७ ऑक्टोबर या दोन नोंदी आधी वाचाव्यात. सर्वांत जास्त मेहनत तिथेच वाया गेली.

८ जुलै – सामान

पुठ्ठा विकत घेतला नाही. लग्नसराईतल्या पत्रिका घरोघरी पडून असतात. मुलांना सांगितल्यावर दोन दिवसांत दीडशेच्या वर आल्या. कागद जाड असतो, दुमडत नाही. एका पत्रिकेतून ७ × १० सेंमीची दोन कार्डं निघतात. अक्षर किमान दीड सेंमी उंचीचं ठेवायचं, कारण चार जण चार बाजूंनी बसतात आणि एकाला तरी कार्ड उलटंच दिसतं.

पहिला संच बियांचा, १६ प्रकार: ज्वारी, बाजरी, गहू, मका, तांदूळ, तूर, मूग, उडीद, हरभरा, सोयाबीन, भुईमूग, करडई, जवस, तीळ, मोहरी, सरकी. आठ गटांसाठी १२८ कार्डं. चारचे सहा गट, पाचचे दोन.

बिया घरातल्याच मूठ-मूठ मागवल्या. पेरणीचे दिवस आहेत, त्यामुळे मुलं पिशवीतलं उरलेलं बियाणं उचलून आणतात. ते अजिबात घ्यायचं नाही. त्याला बुरशीनाशक किंवा कीटकनाशक लावलेलं असतं. गुलाबी, हिरवा किंवा निळा रंग दिसला की तिथल्या तिथे परत करायचं आणि मुलाला हात साबणाने धुवायला लावायचे. सरकीही पिशवीतली नको. घरात मागच्या वर्षीचा कापूस असतो, त्यातूनच मुलांनी काढली. एरंडाच्या बिया एकाने आणल्या होत्या, त्या विषारी, लगेच बाजूला काढल्या.

११ जुलै – पहिला प्रयत्न, फसला

बिया गोंदाने कार्डावर चिकटवल्या, खाली नाव लिहिलं. काम दिलं: एकदल आणि द्विदल वेगळं करा. तासिकेभराचं काम सहा मिनिटांत संपलं आणि आठपैकी सात गटांचं बिनचूक आलं. असं होणं शक्यच नव्हतं, कारण आदल्याच दिवशी तोंडी विचारलं तेव्हा निम्म्या वर्गाने करडई एकदल म्हणून सांगितली होती.

चुगली कार्डांनीच केली होती. एकदल कार्डं एका बैठकीत कापली, ती सगळी एकाच घरच्या पत्रिकांची निघाली. मागे लाल गणपती असेल ते एकदल, सोनेरी वेलबुट्टी असेल ते द्विदल. एका गटाने कार्ड उलटून पाहिलं आणि कानोकान वर्गभर पसरलं. मागची बाजू झाकली असती तरी भागलं नसतं: एकदल कार्डांवर एकाचं अक्षर होतं, द्विदलवर दुसऱ्याचं.

ठरवलं ते असं. कार्डाला दोन्ही बाजूंनी पांढरा कागद. संच एकाच हाताने लिहायचा आणि उत्तराच्या क्रमाने लिहायचा नाही, आधी यादी उलटसुलट करून घ्यायची. सगळी कार्डं कोरी कापून, पिसून मग लिहायला बसायचं. मागे फक्त संचाची खूण (बी-१ ते बी-८), म्हणजे फरशीवर सापडलेलं कार्ड कुठल्या गटाचं ते कळतं. मागे अनुक्रमांक कधीच टाकायचा नाही. १२८ कार्डं परत करण्यात साडेचार तास गेले.

१८ जुलै – बुरशी

चिकटवलेल्या बियांना सात दिवसांत बुरशी आली, भुईमूग आणि सोयाबीनला सर्वांत आधी. पावसाळी हवा, ओला गोंद आणि कपाट बंद. करडई आणि मका तर चिकटतही नाहीत, हात लागला की निखळतात. वरून रुंद चिकटपट्टी लावून पाहिली. दमट हवेत तिची कड उठते, तिला धूळ चिकटते आणि दुसऱ्या दिवशी बी दिसतच नाही.

आता बी कार्डावर नाही. २ × ३ इंचाच्या झिपच्या पाऊचमध्ये सात-आठ दाणे आणि कार्डावर फक्त नाव. बिया आधी दोन दिवस उन्हात वाळवायच्या. ऊन नव्हतं म्हणून एका घरी तव्यावर गरम करून घेतल्या, तर त्या पुढे उगवल्या नाहीत. तव्याचा मार्ग घेऊ नये. मोठ्या डब्यात पाऊचसोबत कडुलिंबाचा वाळलेला पाला टाकला. पाऊच १०० घेतले होते, लागणार १२८. हा हिशेब आधी करता आला असता. दुसरं पाकीट आणायला चार दिवस गेले.

२३ जुलै – मथळे न देता

या वेळी एकदल-द्विदल सांगितलंच नाही. एवढंच सांगितलं: “याचे ढीग करा. किती करायचे ते तुम्ही ठरवा. प्रत्येक ढिगाला नाव द्या.”

तीन गटांनी रंगावरून केले, दोघांनी आकारावरून. एका गटाने घरी ठेवायचं आणि विकायचं असं केलं, त्यात सोयाबीन, सरकी एकीकडे आणि ज्वारी, बाजरी दुसरीकडे. दोन गटांनी केलेले ढीग सर्वांत कामाचे निघाले: दाळ होते, पीठ होतं, तेल निघतं. हे दोन्ही गट हरभऱ्यावर अडले, कारण दाळही होते आणि बेसनही. सोयाबीनवर जास्तच अडले. एक मुलगी म्हणाली, “तेल निघतं, पण दाणा तर दाळीवाणी फुटतो.” पुढच्या तासिकेचा विषय तिने हातात आणून दिला.

हरभऱ्यासाठी सुतळीचे दोन गोल करून एकमेकांत अडकवले, मधल्या जागेत हरभरा. प्रत्येक गोलाला दोन मीटर सुतळी लागते. दीड मीटरच्या गोलात पाऊच मावत नाहीत. सुतळी फरशीवर आपोआप गुंडाळते, तिला आधी ओली करून ताणून वाळवली की सरळ पडते.

एक अडचण लगेच दिसली. प्रत्येक गटात एकच मूल सगळी कार्डं लावतं आणि बाकीचे बघत बसतात. तेव्हापासूनचा नियम: कार्डं पत्त्यांसारखी वाटायची, सोळा असतील तर चौघांना चार-चार. आपलं कार्ड आपणच ठेवायचं. दुसऱ्याचं कार्ड हलवायचं असेल तर आधी कारण सांगायचं आणि ज्याचं कार्ड आहे त्यानेच ते हलवायचं. पाचच्या गटात पाचवा नोंद ठेवतो. या एका नियमाने वर्गाचा आवाज वाढला, पण गप्प बसणारी लेकरं बोलायला लागली. वाटण्याचा नियम सोडून बाकी सगळं बदललं तरी चालेल, असं आम्हाला वाटतं.

२५ ते ३१ जुलै – पुरावा

आता मथळे दिले: एकदल, द्विदल. कार्डं एकट्याने केली आहेत, मागून कोरी आहेत. निकाल आला तो अपेक्षेसारखा: तूर, मूग, उडीद, हरभरा द्विदलमध्ये बरोबर, आणि करडई, जवस, तीळ, मोहरी, सरकी बहुतेकांनी एकदलमध्ये टाकली. ‘दल’ म्हणजे दाळ, ज्याची दाळ होत नाही ते द्विदल नाही, असा मुलांचा हिशेब. व्याख्या पाठ असूनही हा हिशेब आत चालूच होता.

उत्तर सांगितलं नाही. भिजत घालायला लावलं. संध्याकाळी सहाला घरी वाटीत घालून सकाळी दहाला आणायचं. एवढ्या वेळात तूर, हरभरा, भुईमूग यांचं साल सुटतं आणि दोन फाका होतात. सोयाबीनला चार-पाच तासही पुरतात. रात्रभर उघड्यावर राहिलं तर उग्र वास येतो, पाणी एकदा बदलायला सांगावं. करडईचं टरफल टणक. भिजल्यावर नखाने फोडलं की आतल्या गराच्या दोन फाका दिसतात. सरकीचंही तसंच. ज्वारी आणि मका दाबले तर चुरडतात, पण फाका होत नाहीत.

तीळ आणि मोहरी बोटांनी फोडता येत नाही. जवस भिजलं की बुळबुळीत होतं आणि निसटतं. या तिघांसाठी चहाच्या कागदी कपात माती घेऊन पेरलं. पहिल्या खेपेला निव्वळ काळी माती घेतली. पाणी घातल्यावर तिचा गोळा झाला, वरचा थर वाळून कडक झाला आणि मोहरी वर आलीच नाही. दुसऱ्या खेपेला निम्मी माती, निम्मी वाळू, कपाच्या बुडाला तीन भोकं, बी अर्धा सेंमी खोल. चार-पाच दिवसांत अंकुर वर आले: मोहरी, तीळ, जवस यांना समोरासमोर दोन पानं, ज्वारी-बाजरीला एकच गुंडाळलेलं पान. मुलांनी आपलं कार्ड स्वतः उचलून दुसऱ्या ढिगात ठेवलं.

तांदूळ उगवला नाही. घरातल्या तांदळाचं तूस आणि कोंडा काढताना अंकुराचा भागही निघून जातो, तो उगवणारच नाही. हे आमच्या आधी लक्षात यायला हवं होतं. त्याऐवजी साळ ठेवावी. तुरीचीही अख्खी तूर हवी. एका गटाच्या पाऊचमध्ये तूरडाळ गेली होती आणि ती आधीच फुटलेली असल्याने उत्तर उघडं पडलं. हीसुद्धा चुगलीच.

५ ऑगस्ट – खरीप आणि रब्बी

तेच पाऊच, मथळे वेगळे. हे काम मुलांना आमच्यापेक्षा जास्त येतं, त्यामुळे वाद खरे झाले.

तूर सर्वांत तापली. जूनच्या शेवटी-जुलैत पेरतात, काढणी डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे रब्बीच्या पिकांच्या मध्येच ती उभी असते. ज्वारी दोन्हीकडे: हायब्रीड खरिपात, शाळू रब्बीत. भुईमूग आणि तीळ खरिपातही आणि उन्हाळीही. मका पाणी असेल तसा. चूक मथळ्यांची होती: खरीप म्हणजे पेरणीचा काळ की काढणीचा, हे आम्ही सांगितलंच नव्हतं. मथळ्याच्या कार्डावर आता पूर्ण वाक्य लिहिलंय: “पेरणी पाऊस सुरू झाल्यावर” आणि “पेरणी पाऊस सरल्यावर”. तुरीचा वाद दोन मिनिटांत मिटला.

‘दोन्हीकडे’ असा तिसरा मथळा दिला, तर जे जे येत नाही ते तिथे जाऊ लागलं. एका गटाचे सोळापैकी नऊ तिथे. म्हणून ‘दोन्हीकडे’ आणि ‘माहीत नाही’ असे दोन वेगळे मथळे केले. ‘दोन्हीकडे’ ठेवायचं असेल तर चिठ्ठीवर पेरणीचे दोन महिने लिहून कार्डाखाली सरकवायचे. महिने लिहिता आले नाहीत तर कार्ड ‘माहीत नाही’मध्ये. तिथे कार्ड असणं ही चूक धरायची नाही. उद्या घरी विचारून यायचं, एवढंच. दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त माहिती तिथल्या कार्डांवरच आली.

आजपासून प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात एक अक्षर. काम झालं की गटाने ती अक्षरं ओळीने वहीत लिहायची, म्हणजे आठ गटांची उत्तरं एका पानावर येतात आणि कार्डं लगेच गोळा करता येतात. आधी अक्षरं यादीच्या क्रमाने क, ख, ग, घ अशी टाकली आणि यादी पुन्हा उत्तराच्या क्रमाचीच होती. पहिल्याच गटाने पकडलं. आता अक्षरं चिठ्ठ्या काढून टाकतो, उत्तरांची किल्ली वेगळ्या वहीत.

आणखी एक चुगली आमच्या चेहऱ्याची. चुकीच्या कार्डापाशी थांबलो की मुलं लगेच ते उचलतात, बरोबर कार्डापाशी कोणी थांबत नाही. म्हणून प्रत्येक गटात दोन कार्डांवर बोट ठेवायचं, एक बरोबर असलेलं आणि एक चुकलेलं, आणि दोन्हीला तोच प्रश्न: “हे इथे का?” पहिल्या दिवशी मुलांनी बरोबर कार्डंही उचलली. चौथ्या-पाचव्या वेळेला कारण सांगायला लागली.

१३ ऑगस्ट – भाकरी

क्रम लावण्याची सुरुवात ज्वारीच्या भाकरीने केली, आठ पट्ट्या: पीठ चाळणे, पाणी गरम करणे, तवा तापत ठेवणे, पीठ मळणे, भाकरी थापणे, तव्यावर टाकून वरून पाणी फिरवणे, उलटणे, तव्यावरून काढून आचेवर फुगवणे. हे बियांच्याही आधी, जुलैतच घ्यायला हवं होतं. विषय सगळ्यांना येतो, त्यामुळे वाटणे, ठेवणे, कारण मागणे हे नियमच शिकून होतात.

पहिल्या तीन पट्ट्यांना ठरलेला क्रम नाही, आणि मुलांनी ते लगेच सांगितलं. तेव्हा ठरलं की ज्यांच्यात पुढे-मागे नाही त्या पट्ट्या शेजारी-शेजारी आडव्या ठेवायच्या. एक चूक: पट्ट्या एकाच कागदावर ओळीने लिहून कात्रीने कापल्या होत्या. कात्रीची वाकडी कड दुसऱ्या कडेला जुळते आणि मुलं वाचत नाहीत, कडा जुळवतात. प्रत्येक पट्टी वेगळ्या कागदावर लिहून मोजपट्टीच्या आधाराने ब्लेडने कापायची.

मराठीच्या उताऱ्यांच्या पट्ट्यांतही तेच केलं. तिथे ‘म्हणून’, ‘नंतर’, ‘शेवटी’ हे शब्द वाट दाखवतात, पण ते काढायचे नाहीत, तेच तर शिकायचं आहे. फक्त ‘पहिल्यांदा’ काढला.

२७ ऑगस्ट – मराठवाड्याची काळपट्टी, पहिली खेप

बारा कार्डं: वेरूळचं कैलास लेणं, अल्लाउद्दीन खिलजीची देवगिरीवर स्वारी, तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली, मलिक अंबरचा मृत्यू, गुरू गोविंदसिंगजींचं नांदेडला निधन, उदगीरची लढाई, असईची लढाई, इंग्रज अधिकाऱ्याला शिकारीच्या वेळी अजिंठ्याची लेणी दिसली, भारत स्वतंत्र झाला, मराठवाडा मुक्त झाला, महाराष्ट्र राज्य झालं, किल्लारीचा भूकंप.

सन लिहिले असते तर नुसती संख्यांची क्रमवारी झाली असती, म्हणून सन काढले. पण शेवटच्या चार कार्डांवर तारीख आणि महिना तसाच राहिला: १५ ऑगस्ट, १७ सप्टेंबर, १ मे, ३० सप्टेंबर. पाच गटांनी क्रम लावला तो असा: १ मे, १५ ऑगस्ट, १७ सप्टेंबर, ३० सप्टेंबर. महाराष्ट्र राज्य स्वातंत्र्याच्या आधी! विचारल्यावर उत्तर सरळ होतं, “मे आधी येतो.” १ मेचं कार्ड संचात नसतं तर उरलेल्या तिघांचा क्रम बरोबर दिसला असता आणि मुलं महिने मोजत होती हे आम्हाला कळलंच नसतं. चुकीच्या कारणाने बरोबर आलेलं उत्तर पकडायला असं एक कार्ड प्रत्येक संचात हवं.

दुसरी गफलत मलिक अंबरची. कार्डावर लिहिलं होतं “निजामशाहीचा वजीर मलिक अंबर मरण पावला.” चार गटांनी ते मराठवाडा मुक्तीच्या अगदी शेजारी ठेवलं, कारण निजाम म्हटला की हैदराबादचा. अहमदनगरची निजामशाही वेगळी, ती हैदराबादचा निजाम येण्याच्या कितीतरी आधी बुडाली. कार्ड बदललं: “अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर.” त्यानंतरही हे कार्ड भांडण लावतंच, पण आता ते भांडण इतिहासाचं आहे.

९ सप्टेंबर – दुसरी खेप

पोळा आणि पावसाच्या सुट्ट्यांत आठवडा गेला. तारखा काढल्या. त्याऐवजी प्रत्येक कार्डावर वाद घालता येईल असा एक धागा ठेवला: उदगीरला पेशव्यांनी निजामाला हरवलं, असईला इंग्रजांनी मराठ्यांना हरवलं, अजिंठ्याला इंग्रज अधिकारी शिकारीला हिंडतोय. मुलांनी लावलं की आधी पेशवे भक्कम असणार, मग इंग्रज जिंकणार, आणि इंग्रज अधिकारी इथे निवांत शिकार करतोय म्हणजे तो त्याच्याही नंतर. १७६०, १८०३, १८१९. क्रम बरोबर आला आणि कारणासकट आला.

सनांची चिठ्ठी शेवटच्या आठ मिनिटांत, तीही क्रमाने न लिहिलेली. गटाने सन कार्डांवर ठेवून आपला क्रम तपासायचा.

वेळ: ठरवले ४० मिनिटे, लागले ७५. बारा कार्डं एका तासिकेत होत नाहीत. आठ घ्यावीत.

१३ सप्टेंबर – सुतळीवर

क्रम आला तरी अंतर कळत नाही. खिलजी आणि तुघलक जितके जवळ तितकेच तुघलक आणि मलिक अंबर, असं फरशीवर दिसतं. म्हणून व्हरांड्यात सुतळी बांधली, १ वर्ष म्हणजे १ सेंमी. वर्गाची भिंत २० फुटांची, पुरत नाही. व्हरांडा ३० फूट, म्हणजे ९ मीटरच्या थोडा वर. पश्चिमेच्या टोकाला १२००, तिथून १२९६ हे ९६ सेंमीवर, १३२७ हे १ मीटर २७ वर, १६२६ हे ४ मीटर २६ वर, १७०८ हे ५ मीटर ८ वर. कार्डं कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवायची. कैलास लेणं आठव्या शतकातलं, ते १२०० च्या मागे ४ ते ५ मीटर जातं. सुतळी व्हरांड्याबाहेर हापशापर्यंत ताणावी लागली. शतकच माहीत असलेल्या कार्डाला एक बिंदू द्यायचा नाही, एक मीटरची रंगीत चिंधी बांधायची.

अडचण १९४७ नंतर. १९४७ ते १९९३ हे ४६ सेंमी, त्यात १० सेंमी रुंदीची चार कार्डं, आणि पहिल्या दोघांत जेमतेम एक सेंमी. कार्डं एकावर एक चढतात. दोऱ्याने खाली वेगवेगळ्या उंचीवर टांगली तेव्हा वाचता आली.

पण त्या एका सेंमीत आपल्याकडचे, हैदराबादच्या निजामाच्या राज्यातले तेरा महिने दिसेनासे झाले, आणि १७ सप्टेंबर चार दिवसांवर. ते तसं सोडवेना. खाली दुसरी सुतळी बांधली, १ महिना म्हणजे १० सेंमी, एकूण १ मीटर ३० सेंमी. तिच्यावर १५ ऑगस्ट १९४७, २९ नोव्हेंबर १९४७ चा जैसे थे करार, १३ सप्टेंबर १९४८ ला सुरू झालेली पोलीस कारवाई आणि १७ सप्टेंबर १९४८. देश मोकळा झाला आणि आपलं गाव नव्हतं, हे मुलांनी वितीने मोजलं. झेंडावंदनाच्या दिवशी दोन्ही सुतळ्या तशाच ठेवल्या. गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी खालच्या सुतळीपाशी उभं राहून मुलांना बरंच सांगितलं, ते मुलांनी लिहून घेतलंय.

व्हरांड्यात वारा लागतो. चिमटा एक असेल तर कार्ड फिरतं, दोन हवेत.

७ ऑक्टोबर – दशांश अपूर्णांक

पहिला संच: ०.५, ०.३६, ०.१२५. लहानाकडून मोठ्याकडे लावा. सहा गटांचं बरोबर, दोघांचं नेमकं उलटं. उलट लावणाऱ्यांची चूक ओळखीची, जास्त आकडे म्हणजे मोठी संख्या: ५, ३६, १२५. त्या दोघांसाठी दोन तासिका घालवल्या.

मग सहज आणखी एक जोडी दिली, ०.८२५ आणि ०.४. बरोबर आलेल्या सहापैकी तीन गटांनी ०.८२५ लहान ठरवला. त्यांचा नियम होता: जितके जास्त आकडे तितकी लहान संख्या, कारण हजारांश बारीक असतात. आमच्या पहिल्या संचात हा चुकीचा नियम आणि बरोबर नियम एकच उत्तर देतात. संचच आंधळा होता.

नवा संच चार कार्डांचा, अक्षरांसकट: ०.४ (म), ०.३६ (ट), ०.८२५ (ग), ०.०७ (स). लहानाकडून मोठ्याकडे:

बरोबर: स ट म ग
जास्त आकडे म्हणजे मोठी: म स ट ग
जास्त आकडे म्हणजे लहान: ग स ट म

तिन्ही वेगळी. वहीतली चार अक्षरं पाहिली की कोणत्या गटात कोणता नियम चालू आहे ते उभ्या उभ्या कळतं. संच करताना आता आधी चुकीचे नियम लिहून काढतो, प्रत्येकाने कार्डं लावून पाहतो, आणि दोन नियमांचं उत्तर सारखं आलं तर कार्ड बदलतो. यात वीस मिनिटं जातात. ती न दिल्याने दोन तासिका गेल्या.

दुरुस्ती मैदानात. १० मीटर सुतळी, एका टोकाला ०, दुसऱ्याला १. मग ०.१ म्हणजे १ मीटर, ०.०१ म्हणजे १० सेंमी, ०.००१ म्हणजे १ सेंमी. ०.३६ हा ३ मीटर ६० वर, ०.०७ हा ७० सेंमीवर, ०.८२५ हा ८ मीटर २५ वर. मुलाने कार्ड घेऊन आधी अंदाजाने उभं राहायचं, मग टेपने मोजायचं. नुसता टेप दिला तर मोजणी होते, विचार होत नाही. सुतळी ओली असताना बांधू नये, वाळताना खुणा सरकल्या आणि १ च्या टोकाला ११ सेंमीचा फरक पडला.

वाचण्यातही खोट होती. “शून्य पॉइंट छत्तीस” म्हटलं की छत्तीस कानात बसतो आणि चारापेक्षा मोठा वाटतो. “शून्य पॉइंट तीन सहा” असंच वाचायचं, शिक्षकांनीही. पैशांचं उदाहरण दोन आकड्यांपुरतंच चालतं, ०.८२५ रुपयांशी मुलांचा कधी संबंधच येत नाही.

१९ ऑक्टोबर – हिशेब

पांढरे कागद ५०, गोंद ६०, झिपचे पाऊच दोन पाकिटं १६०, सुतळी ४०, चिमटे तीन डझन १२०, रुंद चिकटपट्टी ९०, मार्कर १००. एकूण ६२० रुपये. त्यातले गोंद आणि चिकटपट्टीचे १५० वाया. लॅमिनेशन केलं नाही. चकाकणारं कार्ड खिडकीच्या उजेडात वाचता येत नाही, आणि फरशीवर घसरतं. न केलेली कार्डं तीन महिन्यांत कोपऱ्याला मऊ झालीत, पण चालतात. हरवली अकरा, बहुतेक सोयाबीन काढणीच्या गडबडीत घाईने वर्ग सोडला त्या दोन दिवसांत. पेटी बंद करण्याआधी गटाने मोजून “सोळा” असं मोठ्याने सांगायचं, हे तेव्हापासून.

१८ नोव्हेंबर

दिवाळीनंतर ऊसतोडीला आणि कापूस वेचणीला गेलेल्या घरांमुळे वर्गात २६ मुलं. सहा गट, त्यातले दोन पाचचे. पाचच्या गटांची संख्या तीच ठेवली, कारण नोंद ठेवण्याचं काम कोणाला द्यायचं ते मुलांना पाठ झालंय.

चार कार्डांचा दशांशाचा संच पुन्हा लावला. चार गट स ट म ग. एका गटाचं म स ट ग आलं, त्यात दोन मुलं सुतळीच्या दिवशी गैरहजर होती. एका गटाने चार अक्षरं न लिहिता पाच लिहिली: स ट म ग आणि शेवटी प्रश्नचिन्ह. त्यांनी स्वतः एक कार्ड करून संचात टाकलं होतं, ०.४०, आणि ते ‘म’च्या पुढे की मागे यावर त्यांचं भांडण चालू होतं. भाकरीच्या पट्ट्यांसारखं शेजारी ठेवायचं, असं त्यांच्यातल्या एकीने शेवटी सांगितलं. ते कार्ड आता सगळ्या संचांत घेतलंय. त्याने क्रम लावताना ‘बरोबरी’चीही सोय झाली आणि आमच्या किल्लीत दोन उत्तरं लिहावी लागली.

ऊसतोडीला आणि वेचणीला गेलेल्या आठ मुलांच्या नावाने वहीत जागा कोरी सोडली आहे. ती परत आली की आधी भाकरीच्या पट्ट्या, मग हेच पाच पत्ते, आणि त्यांची अक्षरं त्या जागेत.